मॅडिसनचे वर्षभराचे हवामान: थंडीपेक्षा चढउतारांची तयारी ठेवावी

“मी जळगावचा आहे. येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथे शिकायला जात आहे. तिथले हवामान वर्षभर कसे असते आणि तिथली थंडी आपल्याकडच्या माणसाला सोसते का?” असे आपण विचारले आहे. मी मूळची अकोल्याची. गेली अकरा वर्षे मॅडिसनला राहते आहे. तेव्हा पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या गावाहून इथे येणाऱ्याच्या मनात काय चालते, याची मला चांगली कल्पना आहे.

थंडी सोसते. घरे, बस, वर्ग, दुकाने सगळी आतून उबदार असतात आणि अंगावर योग्य कपडे असले तर बाहेरचा अर्धा तास सहज निघतो. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो हवेच्या लहरीपणाला. आपल्याकडे हवामान ऋतूप्रमाणे चालते आणि रोहिणी कोणत्या, मृग कोणता, हे पंचांगात पाहून सांगता येते. इथे एकाच आठवड्यात पावसाळी जॅकेट, जाड कोट आणि साधा सदरा असे तिन्ही लागण्याची वेळ येते.

आधी सरासरी आकडे देते. जानेवारीत दिवसाचे कमाल तापमान साधारण उणे 3 आणि रात्रीचे किमान उणे 12 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर जुलैमध्ये हेच आकडे 28 आणि 16 असतात. वर्षाचा पाऊस, वितळलेला बर्फ धरून, सुमारे 940 मिलिमीटर भरतो आणि हिवाळाभरात मिळून साधारण सव्वा मीटर बर्फ पडतो. परंतु या सरासरीवर विसंबून राहू नये. या शहराचा उष्णतेचा उच्चांक जुलै 1936 मधला 107 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 42 सेल्सिअस, आणि थंडीचा नीचांक जानेवारी 1951 मधला उणे 37 फॅरनहाइट, म्हणजे उणे 38 सेल्सिअस आहे. एकाच गावाच्या वहीत ऐंशी अंशांचे अंतर! (इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात. उणे 40 या एकाच आकड्यावर दोन्ही मापे जुळतात, आणि त्या आकड्याची प्रत्यक्ष गाठ पडू नये अशी माझी इच्छा आहे.)

एवढे अंतर पडते त्याचे कारण भूगोलात आहे. मॅडिसन समुद्रापासून फार लांब, खंडाच्या पोटात आहे, त्यामुळे हिवाळ्यात ऊब धरून ठेवणारे आणि उन्हाळ्यात गारवा देणारे समुद्राचे पाणी जवळ नाही. शिवाय उत्तरेला कॅनडा आणि दक्षिणेला मेक्सिकोचे आखात यांच्या मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेला एकही मोठा डोंगर नाही. आपल्याकडे मध्य आशियातली गार हवा हिमालय अडवतो, म्हणून जळगावची थंडी एका स्वेटरवर भागते. इथे ध्रुवाकडची कोरडी हवा कोणाचीही परवानगी न घेता थेट खाली येते आणि आखाताकडची दमट हवाही तितक्याच सहज वर चढते. त्या दोन हवांची सीमा गावावरून ज्या दिवशी सरकते, त्या दिवशी सकाळचे कपडे संध्याकाळी निरुपयोगी ठरतात.

मॅडिसन दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. एका बाजूला मेंडोटा, दुसऱ्या बाजूला मोनोना. विद्यापीठ मेंडोटाच्या काठावर आहे, म्हणजे हे तळे आपल्याला रोज दिसणार. माझ्या मते इथल्या हवामानाची सर्वांत विश्वासू वही म्हणजे हे तळेच, कारण ते कधी गोठले आणि कधी मोकळे झाले याच्या नोंदी 1850 च्या दशकापासून ठेवलेल्या आहेत. तळे मोकळे झाले की नाही हे ठरवण्याचा जुना नियम असा आहे की, पिकनिक पॉइंट नावाच्या भूशिरापासून समोरच्या मेपल ब्लफपर्यंत नाव वल्हवत नेता आली पाहिजे. या नियमाचे मूळ त्या दोन काठांमधल्या बिअरच्या वाहतुकीत आहे असे इथले लोक सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, विस्कॉन्सिनच्या माणसाला ती शोभून दिसते.

या वहीतला सर्वांत लांब हिवाळा 1880-81 चा आहे. त्या वर्षी तळे 161 दिवस गोठलेले होते. सर्वांत आखूड 2001-02 चा, अवघे 21 दिवस. दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने आता तळ्यावरचा बर्फ सरासरी सुमारे महिनाभर कमी टिकतो. हवामान बदलते आहे का, असे इथे कोणी विचारले तर मी आलेख दाखवत बसत नाही, या वहीकडे बोट दाखवते.

मी पाहिलेल्या वर्षांपैकी 2023-24 चे वर्ष नमुन्यादाखल सांगते. जूनच्या अखेरीस कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आला. दोन दिवस आकाश मातकट होते, तळ्याचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला आणि हवेच्या गुणवत्तेचे इशारे रोज येऊ लागले. त्याआधीचे काही आठवडे पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. 31 ऑक्टोबरला हॅलोविनच्या दिवशी बर्फ पडला आणि मुलांनी चित्रविचित्र पोशाखांवर कोट चढवून घरोघर गोळ्या मागितल्या. त्यानंतर मात्र डिसेंबर उबदार गेला, नाताळात गवत दिसत होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागोपाठ दोन मोठी हिमवादळे आली, त्यांच्या पाठोपाठ कडाक्याची थंडी आली आणि 15 जानेवारीला मेंडोटा गोठले. पुढे 8 फेब्रुवारीला मॅडिसनच्या दक्षिणेला इव्हान्सव्हिलजवळ चक्क टॉर्नेडो झाला. विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारीत टॉर्नेडो झाल्याची त्याआधी नोंदच नव्हती. 27 फेब्रुवारीला दुपारी लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर काठाने फिरत होते, त्याच रात्री वारा फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारा पुन्हा गोठणबिंदूखाली होता. त्याच 28 तारखेला तळे मोकळे झाल्याची नोंद झाली. एकूण 44 दिवस. राज्याच्या नोंदींत तो सर्वांत उबदार हिवाळा ठरला आणि तरीही त्यात नाकातले केस ताठ होतील अशी थंडी पडून गेली, हे लक्षात घ्यावे.

तळे गोठते कसे, हे पाहण्यासारखे असते. पाणी सुमारे 4 अंशांवर सर्वांत जड असते, त्यामुळे शरद ऋतूत वरचे गार झालेले पाणी खाली बुडते, खालचे वर येते, आणि वारा ते ढवळत राहतो. पंचवीस मीटर खोलीचे सगळे पाणी असे गार होईपर्यंत पृष्ठभाग गोठत नाही. म्हणून उथळ मोनोना बहुधा आधी गोठते आणि मेंडोटा मागून. मग एखाद्या निवांत, वारा पडलेल्या, निरभ्र रात्री काम होते. काल संध्याकाळी लाटा होत्या तिथे सकाळी काळी काच पसरलेली दिसते. थंडी वाढली की हा बर्फ ताणला जाऊन आवाज करतो. पहिल्या वर्षी तो आवाज मी ऐकला तेव्हा कुठेतरी मालगाडीचे डबे जोडले जात आहेत असे मला वाटले होते.

काही दिवसांनी त्यावर मासे पकडणारे जाऊन बसतात. बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवू नये असे सांगतात. मी स्वतः कोणी जाणते माणूस सोबत असल्याशिवाय जात नाही. एका रविवारी अशाच एका म्हाताऱ्या गृहस्थांपाशी थांबले होते. गिरमिटाने पाडलेल्या भोकात दर दोन-तीन मिनिटांनी पापुद्रा धरत होता आणि ते तो लांब दांड्याच्या झाऱ्याने उपसून टाकत होते. झारा अगदी आपल्या भजी काढण्याच्या झाऱ्यासारखा. मी तसे म्हटल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि पुढची दहा मिनिटे मी तळ्यातून भजी काढत राहिले.

आता कामाचे. कोट भारतातून आणू नये. आपल्याकडे मिळणारे जॅकेट इथल्या नोव्हेंबरपुरते असते, खरा कोट आणि बूट इथेच घ्यावेत. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा आत थर्मल, वर लोकर आणि त्यावर वारा अडवणारा कोट असे तीन थर असावेत, म्हणजे वर्गात गेल्यावर ते उतरवता येतात. पाहायचा आकडा तापमानाचा नसून ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळे कातडीला जाणवणाऱ्या थंडीचा असतो. जानेवारी 2019 च्या अखेरीस पारा उणे 32 सेल्सिअसच्या आसपास आणि विंड चिल उणे 45 च्या खाली गेला होता. विद्यापीठाने वर्ग रद्द केले, टपालाचे वाटपही थांबले. अशा हवेत उघड्या कातडीला दहा मिनिटांच्या आत हिमदंश होऊ शकतो. मात्र असे दिवस हिवाळ्यात दोन-चारच येतात आणि काही वर्षी येतही नाहीत.

त्याहून जास्त माणसे आपटतात ती ब्लॅक आइसवर. दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि डांबरावर अजिबात न दिसणारा पापुद्रा तयार होतो. त्यावर मीठ टाकतात, पण उणे 9-10 च्या खाली मीठ फारसे काम करत नाही, मग वाळू पसरतात. ते सगळे मीठ शेवटी तळ्यात जाते आणि तिथून काढता येत नाही, याची चिंता इथे आता उघडपणे बोलून दाखवली जाते.

पुढे कधी गाडी घेतलीत तर हिवाळ्यात ती रस्त्यावर कुठे लावायची याचा सध्याचा नियम आधी तपासून घ्या. मी आले तेव्हा बर्फ काढणाऱ्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून 15 नोव्हेंबर ते 15 मार्च या काळात, शहराचा मध्यभाग सोडून, रात्री 1 ते सकाळी 7 पर्यंत सम तारखेला सम क्रमांकांच्या घरांच्या बाजूला आणि विषम तारखेला विषम बाजूला गाडी लावावी लागत असे. बर्फ पडो वा न पडो. मेख अशी होती की तारीख मध्यरात्रीनंतरची धरायची. मी पहिल्या वर्षी झोपण्यापूर्वी कॅलेंडरात ‘14’ पाहून मोठ्या आत्मविश्वासाने सम बाजूला गाडी लावली आणि सकाळी 15 तारखेची दंडाची पावती काचेवरून खरवडून काढली. चूक सर्वस्वी माझी होती, तरी राग आठवडाभर टिकला.

थंडीपेक्षा मनाला जास्त लागतो तो अंधार. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य दुपारी साडेचारच्या आतच मावळतो आणि ढगाळ दिवस सलग येतात. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे बाहेर चालून यावे, हा मला लागू पडलेला उपाय आहे. याची भरपाई जूनमध्ये होते. तेव्हा रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो आणि विद्यापीठाच्या मेमोरियल युनियन या इमारतीच्या तळ्याकाठच्या मोकळ्या अंगणातल्या रंगीत खुर्च्यांवर बसायला जागा मिळत नाही.

पावसाचा हिशेब आपल्यापेक्षा निराळा आहे. वर्षाचा आकडा पुण्यापेक्षा जास्त भरतो, पण तो चार महिन्यांत न पडता बारा महिन्यांत वाटून पडतो. जून त्यातल्या त्यात ओला, जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. उन्हाळ्यातला पाऊस बहुधा गडगडाटी आणि तासाभराचा असतो. अपवाद 20 ऑगस्ट 2018 चा. त्या संध्याकाळी शहराच्या पश्चिम भागात 10 इंचांहून अधिक पाऊस काही तासांत कोसळला. पाणी ओसरले असे वाटले, पण ते गेले तळ्यांत. या तळ्यांना जोडणाऱ्या याहारा नदीचा उतार फार कमी असल्याने तळी भरली की पाणी पुढे सरकायला आठवडे लागतात, आणि म्हणून मधल्या पट्टीवरचे रहिवासी सप्टेंबर उजाडला तरी वाळूच्या पोत्यांमागे राहत होते.

आपण ऑगस्टमध्ये उतराल तेव्हा यातले काहीच दिसणार नाही. तेव्हा हवा दमट असेल. आजूबाजूच्या शेतांतला मका आपल्या पानांतून इतकी वाफ सोडतो की इथले लोक ‘मक्याला घाम फुटला’ असे म्हणतात. तळे काठाशी हिरवेगार आणि दुर्गंधीयुक्त असू शकेल. शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसवर निळे-हिरवे शेवाळ पोसले जाते. काठावर सूचना लावलेली असेल तर पाण्यात उतरू नये.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी भर दुपारी बारा वाजता गावभर भोंगा वाजेल. ती टॉर्नेडोच्या इशाऱ्याची दरमहा होणारी चाचणी असते, बिनघोर जेवत राहा. तोच भोंगा दुसऱ्या कोणत्याही वेळी वाजला तर मात्र खिडकीशी उभे राहून आकाश पाहू नका. सरळ तळघरात जा.