काम तर नीट चाललंय, मग मला काय झालंय?

"मॅडम, ताण तर सगळ्यांनाच असतोय. माझा जास्त झालाय हे कळायचं कसं?" बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांतून, शहापूरच्या मागांवरून, बँकांतून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे हेच विचारतात. म्हणून एकाची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

येळ्ळूरहून रोज दुचाकीनं उद्यमबागेत येणारे, मशीन शॉपमधले सुपरवायझर. बायकोनं लकडा लावला म्हणून आले. "जेवतोय की, कामावर जातोय की. रिजेक्शनबी, म्हंजे नापास मालबी, वाढला न्हाई."

कामाचं मी विचारलंच नाही. "घरी काय काय करायचं सुटलंय?"

बऱ्याच वेळानं बोलले. "पोरीला गणितं सांगत होतो. आता ती वही घेऊन आली की 'नंतर' म्हणतोय." मग खाली बघत, "घरच्या गेटाजवळ गाडी बंद करतोय आणि हेल्मेट घालूनच धा मिनिटं बसतोय. आत जाऊ वाटत न्हाई."

ताणाची पहिली खूण कामात शोधू नका, हे मी आग्रहानं सांगते. कामावर साहेबांचा धाक असतो, पगाराची गरज असते. उरलीसुरली शक्ती माणूस तिथंच लावतो. कात्री लागते ती जिथं कुणी जाब विचारत नाही तिथं: मुलांचा अभ्यास, मित्राचा फोन, भजनाची बैठक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या न उतरणाऱ्या ताणानं पार थकून जाण्याच्या, तीन बाजू सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि कामाचा कस उतरणं. बहुतेक जण तिसरीची वाट बघत बसतात.

त्यांना १४ दिवसांचं एकच काम दिलं. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, कॅलेंडरवर थकव्याचा आकडा लिहायचा, ० ते १०. रात्री लिहिलं तर दिवसभराचा राग त्यात मिसळतो. फक्त वाईट दिवशी लिहिलं तर तुलनाच होत नाही.

कॅलेंडर घेऊन आले तेव्हा बोट सोमवारवर थांबलं. "शनिवारी सात. रविवारी बारापर्यंत झोपलो मॅडम, तरी सोमवारी सातच?"

गाठ इथं सुटली. दमणं सगळ्यांनाच आहे. विश्रांती घेऊनही थकवा उतरेनासा होतो, तेव्हा सावध व्हायचं. मी शंभरदा सांगून जे पटलं नसतं, ते स्वतःच्या अक्षरातल्या आकड्यानं पटलं. सवयी आधी बदलाव्यात, मन मागून येतं, हा माझा विश्वास अशा वेळी पक्का होतो.

लांब रजेचा सल्ला मी दिला नाही. परतल्यावर तोच ढीग असेल, तर रजेचा गुण चार दिवसांत जातो. त्यांचा खरा भार होता रात्रीचे फोन. शिफ्ट बदलताना १० मिनिटं पुढच्या माणसाला लेखी माहिती द्यायची आणि मशीन बंद पडलं तरच फोन, असं त्यांनी साहेबांशी बोलून ठरवलं. चारनंतरचा चहा सोडला. त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात राहतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलीबरोबर १५ मिनिटं गणितं. सोमवारचा आकडा हळूहळू चारवर आला.

थकवा टिकून राहिला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको असा विचार मनात आला तर मात्र एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.