मॅडम, माझी मेमरी गेलीय का?

"मला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, तर होत नाहीये ना?" हे विचारायला हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला पस्तिशी-चाळिशीतली माणसं येतात. त्यातल्याच एक ताई, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. राहायला कल्याण, नोकरी मुंबईत. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळत नाही, कुलूप लावलं की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत वर, आणि मुलगी काहीतरी सांगत असते, ही हं हं करत राहते, मग मुलगीच म्हणते, आई मी आत्ता काय बोलले सांग. हे सांगताना त्यांना रडूच आलं.

मी विचारलं, शिट्ट्या होत होत्या तेव्हा डोक्यात काय चालू होतं? तर ऑफिसचा मेल, सासऱ्यांची सोनोग्राफी, क्लासची फी, सगळं धडाधड सांगितलं. आता एवढं ज्यांना आठवतं त्यांची मेमरी गेली कशी म्हणायची? शिट्टी कानावर पडली पण लक्ष तिथे नव्हतं, म्हणून ती डोक्यात नोंदलीच गेली नाही, मग आठवणार कुठून! आणि हे त्यांचं एकटीचं नाहीये, २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २२५० जणांना मोबाईलवरून अधूनमधून विचारलं होतं की आत्ता काय करताय, मन कुठेय, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं.

ताईंनी यूट्यूब बघून मेडिटेशन केलेलं, विचार बंद होईनात म्हणून सोडलेलं. अहो पण विचार दाबायला गेलं की ते जास्तच उसळतात. म्हणून आम्ही त्यांना आधी हक्काची वेळ दिली. संध्याकाळी घरी जाताना लोकलने ठाणं सोडलं की कल्याण येईपर्यंत मनसोक्त काळजी करायची, मोबाईलमध्ये लिहायची आणि पुढे लिहायचं की यातलं काय, कधी करणार. बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात अशी काळजीची ठराविक वेळ देऊन पाहिली होती, मला ती प्रॅक्टिसमध्ये फार उपयोगी पडते.

दुसरं म्हणजे रोजचं एकच काम लक्ष देऊन करायचं. त्यांनी पोळ्या निवडल्या. लाटण्याखाली पोळी फिरतेय का, तव्यावर पहिला फुगा कुठे येतो, तुपाचा वास, बास. मन मेलकडे जाणारच, गेलं हे लक्षात आलं की न चिडता परत पोळीवर यायचं, सराव हाच. पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "अख्ख्या कणकेत एकदाच परत आले." मी म्हटलं, सुरुवात झाली की!

मुलगी बोलताना फोन दुसऱ्या खोलीत आणि तिला निदान एक प्रश्न विचारायचा, कारण प्रश्न विचारायचा तर ऐकावंच लागतं. नंतरच्या एका सेशनला ताईंनी मला मुलीच्या मैत्रिणीला खो-खोच्या टीममधून का काढलं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं रामायण सांगितलं. कुलूप मात्र अजून दोनदा ओढून बघतात, चालतंय.

पण कोणी ओळखीचा रस्ता चुकत असेल, तेच तेच परत विचारत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. अपुरी झोप, थायरॉइडचा त्रास, बी१२ व्हिटॅमिनची कमतरता, डिप्रेशन यानेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.