सुती कपडे लाँड्रीत दिले की खराब का होतात? आणि अस्सल सुती कापड ओळखायचं कसं?

प्रश्नाचा पहिला भाग वाचूनच डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. आम्ही परीट. सांगलीत आमची लाँड्री होती, अण्णा, म्हणजे माझे वडील, असेपर्यंत चालली. तेव्हा मी दोन्ही बाजू समजून घेऊन बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

सुती कपडा लाँड्रीत खराब होत नाही. सुताइतकं सोशिक कापड दुसरं नाही. ओलं झालं की सूत उलट जास्त बळकट होतं. म्हणून तर धोतरं, चादरी, पलंगपोस सोड्याच्या पाण्यात भट्टीला लागायचे, दगडावर आपटले जायचे आणि तरी वर्षानुवर्षं टिकायचे. कोपऱ्यात बिब्ब्यानं घातलेली खूणही जात नसे आणि कापडही. खराब होतं ते सुती म्हणून गळ्यात मारलेलं भलतंच काहीतरी.

आमच्या गल्लीत एक सर राहायचे. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी पुण्याहून झब्बा आणला होता. गर्द निळा, हाताला गार, अंगावर झुळझुळीत. दुकानदारानं ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेला. तो आमच्याकडे धुवायला आला, धुऊन, इस्त्री होऊन घरी गेला आणि लगेच सर तो घेऊन दारात हजर. झब्बा आखूड झालेला, काखेत शिवणीला लागून फाटलेला. त्यांनी तो फळीवर आपटला. “काय केलंस रे हे? भट्टीला लावलास की काय?” अण्णा त्यांच्यापेक्षा वयानं चांगलेच मोठे, तरी अरेतुरेच. आम्हाला त्याचं काही वाटत नाही असं सगळे धरून चालायचे. आम्हीसुद्धा.

अण्णा आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी झब्बा उलटा केला, खालच्या दुमडीतून एक धागा ओढून काढला, मधोमध जिभेला लावून ओला केला आणि दोन्ही हातांनी ताणला. बरोब्बर ओल्या जागी तुटला. मग स्वतःच्या सदऱ्याचा धागा काढला, तसाच मध्ये ओला केला, ताणला. तो तुटला कडेला, कोरड्या भागात. म्हणाले, “सर, हे रेयॉन आहे. सुताचा धागा ओल्या जागी तुटत नाही.” सर म्हणाले, “आता तू मला कापड शिकवणार?” आणि महिन्याच्या बिलातून झब्ब्याचे पैसे कापून घेतले. अण्णांनी कापू दिले. मला ते आजही पटलेलं नाही.

रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून करतात. जळताना त्याला सुतासारखाच जळक्या कागदाचा वास येतो, राखही तशीच मऊ पडते. त्यामुळे नेटवर जो तो सांगतो ती काडी लावून बघायची परीक्षा इथे फसते. काडीनं पॉलिएस्टर पकडता येतं, वितळून कडक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळक्या केसांच्या वासानं कळतात. रेयॉनला मात्र ओला धागाच हवा, आणि तो उभा-आडवा, ताण्याचा आणि बाण्याचा, दोन्हीकडचा बघायचा. एकीकडे सूत आणि दुसरीकडे रेयॉन असा माल बाजारात भरपूर आहे.

आटण्याचं म्हणाल, तर खरं सुतीही पहिल्या धुण्यात थोडं आटतंच. मागावर ताणून विणलेले धागे पाण्यात गेले की सैल होऊन जवळ येतात. कापड सॅन्फोराइज्ड, म्हणजे गिरणीतच आधी आटवून घेतलेलं, नसेल तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. टेलर घाई करतो, करू दे. रंगासाठी मिठाच्या पाण्याचा उपाय आमच्या वहिनीही अजून करतात. कापडाला न चिकटलेला जादा रंग मिठानं पक्का होत नाही, तो धुऊनच जायचा. सुरुवातीला वेगळं आणि गार पाण्यात धुवा, उलटं करून सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. खळ घातलेले कपडे कपाटात वर्ष वर्ष ठेवू नका, कसर लागते.

आता हेही सांगतो, सगळे परीट काही धुतल्या तांदळासारखे नसतात. डाग निघेना म्हणून ब्लीच ओतणारे असतातच, आणि जास्त ब्लीचपुढे सूतही टिकत नाही. रेशीम आणि लोकर तर सोडा आणि ब्लीचच्या जवळसुद्धा नेऊ नका. जरीची पैठणी चांगल्या ड्रायक्लीनरकडेच द्या. आणि कापडात पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर ओला धागा तुटणार नाही, तेव्हा दोन्ही परीक्षा करा.

सर हयात आहेत असं कळतं. त्यांना आणि तुम्हालाही एकच सांगणं आहे. दुकानात बिलावर ‘१०० टक्के कॉटन’ लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर त्याच्याशी तिथेच भांडा, लाँड्रीच्या फळीवर येऊन नको.