‘फोर बाय फोर कधी टाकलाच नाही, साहेब!’ : जुनी गाडी घेणाऱ्यांचे प्रश्न

केळीचे, कापसाचे पैसे हातात आले की आमच्या गॅरेजचा फोन थांबत नाही. थार बघितली, जिप्सी बघितली, घेऊ का? गाडी न बघता मी काय सांगणार? पण घोटाळा सगळ्यांचा एकच असतो. पेंट बघतात, सीट कव्हर बघतात, स्टार्टर मारून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ओढ चारही चाकांना देणारी गाडी; त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो भाग गाडीखाली असतो आणि तिथे कोणी वाकून बघत नाही. म्हणून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देतो.

प्रश्न : पहिलीच फोर बाय फोर आहे. जिप्सी घ्यावी की थार? (शिरपूर)

वापर काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जिप्सी हलकी, साधी आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारी. पण ती फक्त पेट्रोलवर चालते, चारही चाकांना पाटे (पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा) आहेत आणि धुळे ते नाशिक बसून गेलात तर पाठ आठवण ठेवते. 2010 ते 2020 मधली जुनी थार डिझेल आहे, ओढायला दमदार, पण तिला एअरबॅग नाहीत. घरची मंडळी रोज बसणार असतील तर 2020 च्या ऑक्टोबरनंतरची नवी थार बघा किंवा फोर बाय फोरचा नाद सोडा. मॉडेलपेक्षा समोरची गाडी कशी राखली आहे ते महत्त्वाचं, आणि ते ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेल्याशिवाय ठरवू नका.

प्रश्न : अ‍ॅव्हरेज किती देईल? (अमळनेर)

साध्या गाडीपेक्षा कमी.

प्रश्न : एजंट म्हणतो, पहिल्या मालकाने फोर बाय फोर कधी टाकलाच नाही, त्यामुळे ते सगळं नवं कोरं आहे. हे चांगलं ना? (चाळीसगाव)

नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की आधी जॅक काढतो.

वापर नाही म्हणजे झीज नाही, हा हिशेब इथे चालत नाही. फोर बाय फोरचा लिव्हर वर्षानुवर्षं हलवला नाही की त्याची जोडणी गंजते. ऑइल सील सुकतात आणि मग गळतात. काही गाड्यांत पुढच्या चाकाचे हब हाताने फिरवून लॉक करतात, ते जाम होतात. काहींत हे काम व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) होतं, त्यांची रबरी नळी आपल्याकडच्या उन्हाने तडकलेली असते. लिव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढतच नाहीत आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. सर्वांत वाईट म्हणजे तेल. इंजिनचं तेल सगळे बदलतात. ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) आणि पुढच्या डिफरेन्शियलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) तेल ‘वापरतच नाही’ म्हणून कंपनीतून आलं तेच राहतं. मधल्या काळात गाडी चार नाल्यांतून गेलेली असते. यांचं गरम हौजिंग (बाहेरची पेटी) गार पाण्यात बुडालं की ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या बारीक नळीतून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

त्यामुळे सौद्याआधी दोन्ही हौजिंगचं थोडं तेल काढायला लावा. बोटावर घ्या. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलं आहे. ड्रेन प्लगला (तेल काढायच्या बुचाला) लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. काळपट बारीक लगदा चालतो. चिमटीत टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि मगच भाव बोला. मालक तेल काढू देत नसेल तर तिथून निघा.

मग गाडी नांगरलेल्या वावरात न्या. डांबरावर नको, कारण उलट्या टोकाचे महाभागही असतात. नवी गाडी आली की मित्रांना घेऊन हायवेवर 4H (चारही चाकांना ओढ, नेहमीचा वेग) टाकून फिरतात आणि ‘ग्रिप बघ’ म्हणतात! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. आपल्याकडच्या जिप्सी, थार, बोलेरो यांच्या पार्ट-टाइम (गरजेपुरता फोर बाय फोर टाकायच्या) पद्धतीत पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ओढ नेणारा दांडा) एकमेकांना बांधला जातो, मधे हा फरक सोसायला डिफरेन्शियल नसतो. मातीत चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण शाफ्टचे क्रॉस (सांधे), ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियलमधले क्राउन-पिनियन गिअर यांच्यावर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि लिव्हर परत निघत नाही. (निघत नसेल तर जोर लावून लिव्हर मोडू नका. थोडं सरळ रिव्हर्स घ्या, सुटतो.)

वावरात 2H (फक्त मागच्या चाकांना ओढ) मधून 4H टाका, थोडं सरळ चालवा, पुढची चाकं माती उकरतात का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. 4L (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) मात्र गाडी थांबवून, क्लच दाबून टाका. टकटक, करकर किंवा गिअर उडाला तर पुढचं बोलणं मेकॅनिकशी.

टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत अशी गाडी 4H वर चालवली असेल तर सरळ रस्त्यावरही तोच ताण येत होता.

प्रश्न : पावसात ओल्या डांबरावर 4H ठेवला तर ब्रेक लवकर लागतो का? (यावल)

नाही. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच आहेत.

प्रश्न : थारवर ‘फोर बाय फोर’ लिहिलंय, पण भाव बराच कमी सांगतात. (नंदुरबार)

स्टिकर बाजारात मिळतो. 2023 च्या जानेवारीपासून नवी थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही येते. दिसायला तीच. गिअरच्या लिव्हरशेजारी दुसरा लिव्हर आहे का बघा, खाली वाकून पुढच्या चाकांकडे शाफ्ट जातो का बघा, आणि आरसीवरचं मॉडेल वाचा. ‘गाडी कडक शे भाऊ, काही काम नही शे’ हे प्रमाणपत्र नव्हे.

प्रश्न : दिल्लीची डिझेल गाडी खूप स्वस्त मिळते आहे. (शहादा)

2015 साली हरित लवादाने दिल्ली परिसरात 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, तेव्हापासून तिकडची जुनी डिझेल स्वस्तात बाहेर निघते. स्वस्ताई तिथेच संपते. तिकडच्या आरटीओची एनओसी लागेल, इथला टॅक्स भरावा लागेल आणि 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएच नंबर घ्यावाच लागेल. सुरतची असो की सेंधव्याची, नियम तोच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन 5-5 वर्षांनी वाढते. पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन टॅक्सचा आकडा विचारा. एजंटला विचारू नका.

प्रश्न : टीटी फॉर्मवर सह्या झाल्या आहेत. नावावर नंतर केली तर चालेल ना? दिवाळीनंतर सवड आहे. (रावेर)

कुठल्या दिवाळीनंतर? टीटी फॉर्म म्हणजे मालकी बदलाचे 29 आणि 30 नंबरचे अर्ज. ते डॅशबोर्डच्या खणात ठेवून लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवतात. राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे, तेव्हा विकणाऱ्यानेही निवांत राहू नये. विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा 35 नंबरचा अर्ज आधी, पैसे मग. चलन थकलंय का तेही ऑनलाइन बघा. अडलं तर आरटीओतच विचारा, पण याच आठवड्यात.

प्रश्न : तापीकाठी काळी जमीन आहे. फोर बाय फोर असली की पावसात गाडी रुतणार नाही ना? (चोपडा)

रुतेल. काळी माती टायरच्या खाचांत भरली की चारही चाकं जागेवर फिरतात, आणि ही गाडी साध्या गाडीपेक्षा चार पावलं आत जाऊन रुतते. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जवळ ठेवा.

प्रश्न : हरियाणातल्या डबवालीकडून सुटे भाग जोडून बनवून आणलेली जीप आवडली आहे. कागद जुन्या जीपचे आहेत. टोकन दिलंय. (जळगाव)

घेऊ नका. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल कायद्याला चालत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घ्या आणि आरसी घेऊन आरटीओत निरीक्षकाला दाखवा. टोकन आजच परत मागा.