मुंग्या येणे आणि बधिर होणे

लालबागच्या एका वाचकाचा प्रश्न: मधुमेह असलेली आई म्हणते, "पायाला मुंग्या येतात", डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय 'बधिरता'. दोन्ही एकच का?

नाही. मुंग्या येतात तेव्हा नको ते जाणवत असतं. बधिर पायाला जाणवायला हवं तेही जाणवत नाही. मांडी घालून बसल्यावर आलेल्या मुंग्या पाय मोकळा केला की जातात, कारण मज्जातंतू तेवढ्यापुरता दाबला गेलेला असतो. मधुमेहातल्या मुंग्या पुन्हापुन्हा येतात, बहुधा दोन्ही पायांना, आणि रात्री जास्त त्रास देतात.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतूंत सॉर्बिटॉल (साखरेपासून शरीरातच बनणारा पदार्थ) साठतं, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. सगळ्यात लांब तंतूंना आधी झळ पोचते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दुखावलेला तंतू भलतेच संदेश धाडतो तेव्हा मुंग्या, टोचणी, आग. संदेशच थांबले की बधिरपणा. एकाच पायात दोन्ही असू शकतं. त्यामुळे "हल्ली मुंग्या येत नाहीत" हे ऐकून लगेच निर्धास्त होऊ नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

'बधिर' म्हणजे संस्कृतात बहिरा. मराठीत तो शब्द कानावरून कातडीवरही आला. 'सुन्न' शून्यातून आलेला. पायालाही चालतो, पण आज तो मनाला जास्त लागतो. 'तळपायाची आग मस्तकात जाणे' हा संताप, पण मधुमेही माणूस "तळपायाची आग होते" म्हणतो तेव्हा ते अक्षरशः घ्यावं. 'नस' मात्र डॉक्टरांपुढे टाळा. बोलण्यात रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नसच, त्यामुळे "नसांचा त्रास आहे" यातून काहीच कळत नाही.

आईला नुसतं "पाय कसे आहेत?" विचारू नका. फरशी गार लागते का, चप्पल पायातून निसटलेली कळते का, कापसावर चालल्यासारखं वाटतं का, असं विचारा आणि तिची उत्तरं तिच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. तळव्याला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. ती तपासणी करून घ्या. अंगारकीला सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत जायची तिची रीत असेल, तर ती आता थांबवा. तापलेल्या डांबराचा चटका बधिर तळव्याला कळत नाही, फोड आलेला घरी आल्यावर दिसतो.