वाचक विचारतात : केप कोस्ट, एल्मिना आणि गोरे बेट

प्रश्न : घानात आक्राहून एका दिवसात केप कोस्ट आणि एल्मिना हे गुलामांच्या व्यापाराचे दोन्ही किल्ले पाहून होतील का?

उत्तर : होतील, पण धावतपळत. केप कोस्ट सुमारे १५० किलोमीटर. आक्राबाहेर पडतानाच गाड्या तुंबतात, त्यामुळे जाताना चार तास धरा. एल्मिना तिथून जेमतेम १२ किलोमीटर. शक्य असल्यास एक रात्र केप कोस्टला मुक्काम करा.

आधी एल्मिना पाहा. पोर्तुगिजांनी १४८२ साली तो बांधायला घेतला तो सोन्याच्या व्यापारासाठी. सुरुवातीच्या काळात तर ते बेनिनच्या राज्याच्या (आजच्या नायजेरियातल्या) बाजूने गुलाम इथे आणून सोन्याच्या बदल्यात विकत. समुद्रापार माणसे पाठवण्याचा मोठा धंदा नंतरचा. १६३७ मध्ये किल्ला डचांकडे, १८७२ मध्ये इंग्रजांकडे गेला. असांते या घानातल्याच राज्याचा राजा पहिला प्रेम्पे याला १८९६ मध्ये कैद करून इंग्रजांनी काही काळ इथेच ठेवले होते. कोंडलेल्या बायकांच्या चौकात उभे राहून वर, गव्हर्नरच्या सज्जाकडे पाहा. त्या इमारतीचा कारभार एका नजरेत कळतो.

केप कोस्टला पुरुष गुलामांना कोंडायचे तळघर आणि वरचे प्रार्थनाघर लागोपाठ पाहा, कारण एक दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावर आहे. तळघरात जमिनीतला पन्हळ शोधा. सांडपाण्यासाठी केलेला हा पन्हळ एवढ्या माणसांपुढे अपुरा पडे आणि घाण जमिनीवर साचून तिचा थर बसे. अंगणातली फिलिप क्वाकूची कबर बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हा मूळचा इथलाच. १७५४ मध्ये शिकायला इंग्लंडला गेला, १७६६ मध्ये पाद्री होऊन परतला आणि १८१६ मध्ये मरेपर्यंत याच किल्ल्यात धर्मोपदेशक राहिला. पायाखाली कोंडलेली माणसे आणि वर त्याची प्रार्थना. त्याच्याबद्दल गाइडला मुद्दाम विचारा.

गाइड घ्याच, नाहीतर रिकाम्या खोल्या पाहून परत याल. तळघराची वाट उताराची आणि ओलसर असते, म्हणून पकड असलेले बूट घाला. झरोके छताजवळ, लहान. दम्याचा त्रास असेल तर औषध खिशात हवे.

प्रश्न : सेनेगलच्या गोरे बेटावर ‘गुलामांच्या घरा’तल्या दारातून लाखो माणसे गेली, असे ऐकले. नंतर वाचले की हे खोटे. खरे काय?

उत्तर : आकडा चूक, इतिहास खरा. घर १७७६ च्या सुमाराचे. दार खडकांवर उघडते, जहाज तिथे लागणेच अवघड. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्यांची एकूण संख्या सुमारे सव्वा कोटी मानतात. त्यात गोरेचा वाटा थोडा, आजच्या अंगोलातले लुआंडा आणि आजच्या बेनिन देशातले विदा ही बंदरे कितीतरी मोठी. पण बेटावर घरोघर गुलाम होते आणि इथून गुलामांची जहाजेही सुटत. दाराकडे स्मारक म्हणून पाहा, पुरावा म्हणून नको.

प्रश्न : फोटो काढावेत का?

उत्तर : अंगणात, तटावर खुशाल. तळघरात आधी गाइडला विचारा. कुणी पूर्वजांसाठी फुले ठेवत असेल तर कॅमेरा खाली, आणि त्यांचे आटोपेपर्यंत दाराशी थांबा.