वाचकांचे प्रश्न : पोलादी पुंगळीची काडतुसे कितपत भरवशाची?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. गेल्या वर्षी रीतसर एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल घेतली असून महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या मैदानावर जातो. पोलादी पुंगळीची (म्हणजे दारू व गोळी धरून ठेवणारे नळकांडे पोलादाचे असलेली) काडतुसे पितळी काडतुसांपेक्षा स्वस्त मिळतात म्हणून तीच वापरतो. मित्राच्या एके (कलाश्निकोव्ह) पद्धतीच्या रायफलीत ती बिनतक्रार चालतात. माझ्या रायफलीत मात्र दोनएकशे पोलादी काडतुसांनंतर पितळी काडतूस झाडले, तेव्हा त्याची पुंगळी आत अशी रुतली की सफाईची सळई नळीच्या तोंडातून घालून ती ठोकून काढावी लागली. मैदानावरचे जाणकार म्हणतात की पोलादावरचे लॅकर (रोगणाचा लेप) वितळून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसण्याच्या खोबणीत, चिकटते. माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले आहेत आणि पितळेला पर्याय नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. यात खरे काय?

उत्तर : आपल्या वडिलांचे मत अनुभवाचे आहे आणि आपल्या रायफलीपुरते ते बरेचसे खरेही आहे. लॅकरची गोष्ट मात्र सोडून द्यावी. अलीकडच्या बऱ्याच पोलादी पुंगळ्यांवर लॅकर नसतेच, पॉलिमरचा पातळ लेप किंवा जस्ताचा मुलामा असतो, आणि अडकण्याची तक्रार त्यांच्याबाबतही तशीच ऐकू येते. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

पुंगळी म्हणजे नुसती दारू भरण्याची डबी नव्हे. चाप ओढल्यावर आत चौरस इंचाला सुमारे ५५,००० पौंडांपर्यंत दाब चढतो. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच ती किंचित आकसून भिंत सोडते, म्हणूनच एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिला सहज बाहेर ओढू शकतो. सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ या फुगण्या-आकसण्याच्या कामाला जणू घडवलेलेच आहे. पोलादाचा ताठपणा पितळेच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे ते भिंतीला पितळेइतके नीट चिकटत नाही आणि नंतर पितळेइतके आकसतही नाही. नीट न चिकटल्यामुळे पुंगळीच्या पुढच्या भागाभोवती थोडा वायू शिरतो आणि चेंबरमध्ये काजळीचा थर साचत जातो. पोलादी पुंगळी त्या थरातून कशीबशी निघत राहते, पण मागाहून आलेले मऊ पितळ फुगून त्याच काजळीत घट्ट बसते. आपल्या रायफलीत जे घडले त्याचे सर्वसाधारणपणे मान्य असलेले स्पष्टीकरण हेच आहे.

मग मित्राची रायफल का अडत नाही? स्वयंपाकघरातले उतरते पेले आठवा. एकात एक बसवलेले असे पेले थोडेसे हलवताच सुटतात, पण सरळ भिंतीचे दोन डबे एकमेकांत अडकले की आपटून आपटून काढावे लागतात. ७.६२×३९ हे एकेचे काडतूस १९४३ साली आखले गेले. त्याची पुंगळी तळाशी सुमारे ११.३५ मिलिमीटर आणि खांद्यापाशी (जिथून ती गोळीकडे निमुळती होते तिथे) सुमारे १० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे चांगलीच उतरती आहे, त्यामुळे ती केसभर मागे सरकली तरी भिंतीपासून मोकळी होते. आपल्या रायफलीच्या .२२३ काडतुसात लांबी जास्त असूनही हा उतार अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच अधिक आहे. शिवाय एकेचा एक्स्ट्रॅक्टर दणकट आणि चेंबर सैलसर असते, तर एआर-१५ सुरुवातीपासून पितळ गृहीत धरून बेतलेली आहे. तेव्हा पोलाद भरवशाचे की बेभरवशाचे, हा प्रश्न रायफलीचे नाव घेतल्याशिवाय विचारण्यात फारसा अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई भासू लागल्यावर जर्मनीने लॅकर लावलेल्या पोलादी पुंगळ्या वापरल्या, आणि अमेरिकेतही इव्हान्सव्हिल येथील क्रायस्लरच्या कारखान्याने .४५ पिस्तुलाची काडतुसे पोलादात काढली. ती गरजेपोटी केलेली सोय होती, पण शस्त्रे तिच्यावर चालली.

आता पैशांकडे वळू, कारण आपला खरा प्रश्न तोच दिसतो. लकी गनर या अमेरिकी काडतूस-विक्रेत्याने २०१३ साली बुशमास्टरच्या चार सारख्या एआर-१५ रायफली घेतल्या. एकीला फेडरलची पितळी, इतर तिघींना वुल्फ, तुला आणि ब्राऊन बेअर यांची पोलादी काडतुसे दिली आणि प्रत्येकी १०,००० फैरी झाडण्याचे ठरवले. पितळवाली एकदाही अडली नाही. ब्राऊन बेअरवाली ९ वेळा आणि वुल्फवाली १५ वेळा अडली. तुलावाली मात्र अडकलेल्या पुंगळ्यांपायी मुक्काम गाठू शकली नाही. प्रत्येक प्रकाराला एकच रायफल हा नमुना तोकडा आहे, तरीही १०,००० फैरींत ९ किंवा १५ अडथळे मैदानावरच्या सरावाला सहज परवडण्याजोगे आहेत. जीव ज्यावर अवलंबून आहे अशा वापराला ते परवडणारे नाहीत, हे वेगळे.

त्या चाचणीतला अधिक महत्त्वाचा निष्कर्ष नळीचा होता. वुल्फ आणि ब्राऊन बेअर झाडणाऱ्या नळ्या सुमारे ६,००० फैरींतच झिजून निकामी झाल्या, फेडरलची नळी १०,००० नंतरही कामाची होती. गंमत अशी की हे पाप पुंगळीचे नाही. पुंगळी नळीत जातच नाही, जाते ती गोळी, आणि या स्वस्त काडतुसांतल्या गोळीचे आवरण तांब्याचे नसून वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या मऊ पोलादाचे असते. लोक पुंगळीला नावे ठेवतात, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. वाचलेल्या पैशात नवी नळी घेऊनही शिल्लक उरते, असा त्या वेळच्या भावाने त्यांचा हिशेब होता. मात्र सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकी सरकारने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद केले असल्यामुळे, जुना हिशेब न धरता आजच्या भावाने तो पुन्हा मांडावा.

आपण पोलाद चालू ठेवणार असाल तर एकच पथ्य काटेकोर पाळा : पोलादावरून पितळेकडे वळण्याआधी चेंबर त्याच्यासाठीच्या ब्रशने स्वच्छ करा. एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग या झिजणाऱ्या, पण स्वस्तात मिळणाऱ्या वस्तू आहेत, त्यांची एक जोडी पिशवीत असू द्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. नळीच्या तोंडातून सळई घालण्यापूर्वी आत रिकामी पुंगळीच आहे, जिवंत काडतूस नाही, याची पूर्ण खात्री असलीच पाहिजे. ती नसेल तर रायफलीला हात न लावता मैदानावरच्या अधिकाऱ्याला किंवा बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवा.

प्रश्न : काही बंदिस्त मैदानांवर काडतुसांना चुंबक लावून पाहतात आणि ते चिकटले तर परत पाठवतात. असे का? (दुसरे एक वाचक)

उत्तर : यामागे दोन कारणे आहेत. पोलाद असलेली गोळी लक्ष्यामागच्या पोलादी भिंतीवर आदळली की ठिणग्या उडतात, भिंत लवकर खराब होते, आणि न जळलेल्या दारूची भुकटी साचलेली असल्यास आग लागण्याचाही धोका असतो. दुसरे कारण व्यवहाराचे आहे : जमिनीवरचे पितळ गोळा करून विकले जाते, त्यात पोलाद मिसळले की निवडत बसावे लागते. आपण खरेदी करताना चुंबक पुंगळीला लावून थांबू नका, गोळीच्या टोकालाही लावून पाहा. पितळी पुंगळीच्या काही काडतुसांतही ते टोकाला चटकन चिकटते.